तीन नंबरच्या ब्लॉकमधली गर्दी

माहेरच्या भावकीत लॅबमध्ये काम करणारी मी एकटीच. त्यामुळे गेली सतरा वर्षं निम्म्या टाकवे बुद्रुकची मी डॉक्टर आहे. कुणाची शुगर वाढली, कुणाच्या सुनेचा थायरॉइडचा रिपोर्ट आला, एकदा तर कुणाच्या म्हशीनं वैरण सोडली, तरी फोन मला. मी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, असं सुरुवातीला मी प्रत्येकाला सांगायचे. पुढं सांगायचं सोडून दिलं, आणि खरं बोलायचं तर ते मला आवडायलाही लागलं. सासरी कार्ल्याला मी भाकरी जाड थापणारी सून. माहेरी मात्र माझं एक वाक्य ऐकलं की माणसं समाधानानं उठून घरी जात.

थोरल्या भावाला मी असंच एक वाक्य सांगितलं. त्याला आता दीड वर्ष झालं. लॅबमध्ये हात चालू असतो तोवर बरं असतं, पण मशीनचं पातं पुसायला थांबले की ते वाक्य मला माझ्याच आवाजात ऐकू येतं. म्हणून हल्ली मी पातं पुसताना रेडिओ लावते.

आमची लॅब लोणावळ्यात, बाजारातून जरा आत गेलं की लागते. पावसाळ्यात धुकं जिन्यानं वर येतं आणि स्लाइडच्या खोक्यांवर बुरशी धरते, म्हणून मायक्रोस्कोपच्या कपाटात बारा महिने एक बल्ब जळत असतो. ऑपरेशनमध्ये काढलेले भाग आमच्याकडे फॉर्मॅलिनच्या डब्यांतून येतात. मॅडम, म्हणजे आमच्या पॅथॉलॉजिस्ट, त्यातले हवे ते तुकडे निवडून त्यांना नंबर देतात. मी ते मेणात बसवून त्यांचे ठोकळे करते. त्यांना आम्ही ब्लॉक म्हणतो. मग मशीनवर त्यांचे काप काढायचे, इतके पातळ की शेजारी कुणी शिंकलं तरी गेले. काप कोमट पाण्यावर सोडायचा, काचेवर उचलायचा, जांभळ्या आणि गुलाबी रंगात बुडवायचा. रंग नीट बसला का ते बघायला मी मायक्रोस्कोपखाली एक नजर टाकते, आणि तिथं माझं काम संपतं. पुढचं बघणं, ठरवणं, लिहिणं मॅडमचं.

पण सतरा वर्षं रोज एक नजर टाकली की माणसाला वाटायला लागतं, आपल्यालाही कळतं. मॅडमना शिकवायची हौस, त्यामुळे ते वाटणं आणखीच वाढलं. चहाचा कप हातात धरून त्या मला बोलवायच्या. "ये, हे बघ. ह्या बारीक गडद ठिपक्यासारख्या दिसतात ना, त्या आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. प्रतिकार करायला आल्यात. पोटाच्या कॅन्सरमध्ये त्या गाठीच्या आत शिरलेल्या दिसल्या, तर असे पेशंट साधारणपणे जास्त दिवस काढतात. गाठ आपली मोकळी पसरलेली आणि ह्यांचा पत्ताच नाही, तर मला काळजी वाटते." मग कप खाली ठेवून त्या न चुकता म्हणायच्या, "अर्थात, एका माणसाबद्दल त्यावरून काही ठरवता येत नाही." हे शेवटचं वाक्य मी दर वेळी ऐकलं, पण माझ्या लक्षात राहिलं ते पहिलंच.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. टाकव्याच्या कंपनीत शिफ्टला जायचा आणि उरलेल्या वेळात इंद्रायणी भात लावायचा. वर्षभर त्याला जळजळ होत होती, जेवण जात नव्हतं. मीच त्याला पित्ताची गोळी सांगितली होती, सगळेच सांगतात ती. पँट कमरेवरून घसरायला लागली तेव्हा कुठं तो तळेगावला जाऊन दुर्बिणीची तपासणी करून आला. पोटात व्रण होता आणि तो साधा नव्हता. मेच्या शेवटी त्याचं ऑपरेशन झालं, जठराचा मोठा भाग काढला, आणि तो भाग एका पांढऱ्या डब्यातून आमच्याच लॅबमध्ये आला. डब्यावर माझ्या माहेरचं आडनाव होतं.

मॅडमनी तुकडे निवडून दिले आणि मला म्हणाल्या, "तू हे करू नकोस. दुसरीला देऊ." मी नको म्हणाले. दुसरीच्या हातून काप फाटला तर, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी घरच्या लग्नासाठी मॅडम दोन दिवस पुण्याला गेल्या. स्लाइड रंगवून झाल्या तेव्हा खोलीत मी एकटी होते.

तिसऱ्या नंबरची स्लाइड मी मायक्रोस्कोपखाली धरली आणि मला ती गर्दी दिसली. गडद ठिपकेच ठिपके, एकमेकांना चिकटून, खालपासून वरपर्यंत. इतक्या पेशी मी फार कमी वेळा बघितल्या होत्या. मला रडू आलं. आल्या, दादाच्या मदतीला आल्या, असं मी त्या रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाले. बाकीच्या स्लाइड मी पटापट सरकवल्या, रंग बघितला न बघितला आणि ट्रेमध्ये लावून ठेवल्या. हवं ते दिसल्यावर पुढं कोण बघत बसतं.

त्या रविवारी मी टाकव्याला गेले. दादा ओटीवर कॉटवर पडला होता, पोटावर पट्टा बांधलेला, गालफडं आत गेलेली. समोरच्या खाचरात भाताची रोपं हिरवी झाली होती आणि वहिनी यंदा आवणीला, म्हणजे ती रोपं लावायला, माणसं कुठून आणायची याच्या काळजीत होती. आमच्याकडे अजून इर्जिक होते. ज्याच्या घरी अडचण, त्याच्या खाचरात अख्खी आळी उतरते, मजुरी कुणी घेत नाही, जेवण मात्र त्या घरचं. दादानं वहिनीला गप्प केलं आणि मला विचारलं, "तुज्या लॅबमधी काय दिसलं गं? खरं सांग."

रिपोर्ट यायचा होता. मॅडमनी स्लाइड बघितलीही नव्हती. मी म्हणाले, "दादा, तुज्या पोटात इर्जिक आलीया."

त्याला काही कळलं नाही. मग मी रंगात आले. पांढऱ्या पेशी म्हणजे आपलीच माणसं, गाठ बघितली की न बोलावता येतात, पण खरी ती, जी बांधावर बसत नाहीत, चिखलात उतरतात. तुझी उतरलीत. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. दादा टाके धरून हसला. दोन महिन्यांत मी त्याला हसताना बघितलं नव्हतं. वहिनीनं पदर डोळ्यांना लावला आणि तिथूनच शिरगावच्या साईबाबांना हात जोडले. निघताना मला त्यांनी घरचे तांदूळ दिले आणि मी ते घेतले.

सोमवारी मॅडम आल्या. आमच्या मायक्रोस्कोपला दोन डोकी आहेत, एक बघणाऱ्याचं आणि एक शिकणाऱ्याचं. मी आपणहून शिकणाऱ्याच्या स्टुलावर जाऊन बसले. त्यांनी तीन नंबरची स्लाइड लावली, क्षणभर बघितली आणि काढून ठेवली.

"मॅडम, ह्यात केवढ्या पेशी आहेत," मी म्हणाले.

"हा व्रणाचा तळ आहे," त्या म्हणाल्या. "इथं असणारच. उघडी जखम आहे, आम्ल लागतंय, जंतू आहेत. पायात काटा मोडून पिकला तरी अशाच येतात. ह्या जखमेसाठी आल्यात, गाठीसाठी नाही. म्हणून ही जागा मी मोजणीत धरतच नाही." त्यांनी सात नंबरची स्लाइड लावली. "गाठ ही इथं आहे."

सात नंबरमध्ये गाठीच्या पेशी होत्या, थव्याथव्यानं, स्नायूंच्या थरात खोल घुसलेल्या. त्यांच्या आत काही नव्हतं. भोवतीही काही नव्हतं. मॅडमनी स्लाइड हळूहळू सरकवली आणि आम्ही दोघी तो रिकामा गुलाबी भाग बघत राहिलो. कुणी आलंच नव्हतं. 

"कॅन्सर शेजारच्या ग्रंथींमध्येही पोचलाय," मॅडम म्हणाल्या. "ह्या पेशी असत्या काय, नसत्या काय, केमो द्यावीच लागली असती. पण ह्यांची लवकर सुरू व्हायला हवी. टाके भरले की लगेच. रिपोर्टमध्ये मी लिहितेच, तूही घरी नीट समजावून सांग. तुझं ऐकतात ना ते?"

मी हो म्हणाले. आधीच सांगून बसलेय, हे मी त्यांना सांगितलं नाही. परवानगीशिवाय बघितलं, त्यावरून निदान केलं, घरी जाऊन भाषण दिलं, कुठल्या तोंडानं सांगणार? नोकरीची भीती होती आणि त्याहून जास्त लाजेची.

गुरुवारी मी रजा टाकून टाकव्याला गेले. कामशेतला उतरल्यापासून मनात वाक्य जुळवत होते. दादा, माझी चूक झाली. एवढंच म्हणायचं होतं. वहिनी शिरगावला दर्शनाला गेली होती. ओटीवर दादाशेजारी आमच्या आळीतले एक म्हातारे आबा बसले होते. मला बघताच ते म्हणाले, "आली बग डाक्टरीण! तुज्या भावाच्या पोटात इर्जिक आली म्हनं! आख्ख्या गावात त्येच चाललंय."

दादा उठून बसला होता. चेहऱ्यावर रंग होता. तळेगावला कॅन्सरच्या डॉक्टरांकडं जाऊन आला होता आणि त्यांनी केमो सांगितली होती.

"म्या इचारलं त्यास्नी," दादा म्हणाला, "ह्या अवशदानं आपल्या पांढऱ्या पेशीबी मरत्यात का? तं व्हय म्हनले, कमी व्हत्यात. आता तूच सांग. मानसं चिखलात उतरल्याली असताना वरनं अवशद मारायचं? आपल्याच मानसांवर?"

आबांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं होतं. कुणालाही पटलं असतं, इतकं ते नीट जुळत होतं, आणि जुळवलं होतं मी.

"डाक्टर म्हंत्यात तर घ्यावी," मी म्हणाले.

"त्ये डाक्टर म्हंत्यात. तू काय म्हंतीस?"

दोघंही माझ्याकडं बघत होते. जुळवून आणलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. पण आबांसमोर कसं बोलायचं, असं मनात आलं. मग वाटलं, आबा गेले की बोलू. आबा जेवायलाच थांबले. आणि दादा इतका बरा दिसत होता.

"आवनी हून जाऊंदे," मी म्हणाले. "मग बगू."

इर्जिकीचं ते वाक्य आणि आवणीचं हे, या दोन वाक्यांनी माझ्या भावाचे दिवस ठरले. लोक पहिल्या वाक्याला चूक म्हणतील, आणि ती चूकच होती, अर्धवट शहाण्या बाईची. दुसऱ्याला मी चूक म्हणू शकत नाही. तेव्हा मला सगळं माहीत होतं.

आषाढात दादाच्या खाचरात खरोखरची इर्जिक झाली. तीसेक माणसं उतरली. मीही साडी खोचून उतरले. दादा छत्री घेऊन बांधावर बसला होता आणि रोपांच्या जुड्या लावणाऱ्यांकडं फेकत होता. दर थोड्या वेळानं कुणीतरी त्याला पोटातल्या इर्जिकीवरून चिडवायचं आणि तो तितक्याच ठसक्यात उत्तर द्यायचा. मी मान खाली घालून रोप लावत राहिले. पाण्यात माझ्या पायाला काहीतरी गार लागलं आणि मी ओरडले. ते नुसतं गवताचं मूळ होतं, पण सगळे हसले.

आवणी झाली. मग श्रावण होता, मग गणपती आले. दादाचं वजन थोडं वाढलं आणि तो कंपनीत परत जायला लागला. मी स्वतःला समजवायला लागले. मॅडमच म्हणतात ना, एका माणसाबद्दल काही ठरवता येत नाही? सतरा वर्षं ऐकून सोडून दिलेलं ते वाक्य आता मी रोज वापरत होते. लॅबमध्ये मॅडमनी एकदा विचारलं, "भावाची केमो कशी चाललीय?" मी म्हणाले, "चाललीय." त्या दिवशी घरी जाताना कार्ल्याच्या फाट्यावर उतरायचं विसरले आणि बसनं मला कामशेतला नेलं.

दिवाळीच्या सुमारास भात कापणीला आलं आणि दादाला कमरेचा पट्टा घट्ट व्हायला लागला. जेवण वाढलं म्हणून पोट सुटलं, असं वहिनी कौतुकानं म्हणाली. मी त्याच्या पोटावर हात ठेवला. एका बाजूला टिचकी मारली की दुसऱ्या बाजूला लाट जाणवत होती. हात काढून घेतला तेव्हा दोघंही माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हणाले, उद्याच्या उद्या तळेगावला जाऊया.

पोटातलं पाणी काढलं आणि त्याची बाटली आमच्या लॅबला आली. मी ती मशीनमध्ये फिरवली, तळाशी बसलेला गाळ काचेवर पसरला, रंगवला, आणि न बघता मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी बघितलं, फाइल मागवली आणि उपचारांची नोंद शोधत बराच वेळ चाळली. मग दार लावून घेतलं. "केमो झालीच नाही ना?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. "त्यांना कोण सांगणार आहे?" एवढंच म्हणाल्या. नोकरी गेली नाही. मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या डोक्याशी मात्र त्यांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही.

पौषात एका दुपारी मी दादाला सांगितलं. तो ओटीवरून आतल्या खोलीत आला होता. दर काही दिवसांनी पाणी काढावं लागायचं. केमोचे दोन डोस दिले होते, पण ते अंगाला झेपेनात. वहिनी त्याच्या उशाशी बसून त्याला चमच्यानं पेज देत होती. मी तिच्यासमोरच बोलले, कारण एकटा गाठायला बघितलं असतं तर पुन्हा बोलले नसते. ती माणसं गाठीसाठी आली नव्हती, दादा. जखमेसाठी आली होती. गाठीत कुणीच नव्हतं. मी चुकीच्या जागी बघितलं.

वहिनीचा चमचा वाटीत थांबला.

दादा छताकडं बघत होता. तो रागावेल, किंवा जाऊ दे गं म्हणेल, या दोन्हीची मी तयारी करून गेले होते. त्यानं मान माझ्याकडं वळवली आणि विचारलं, "तुला कवा कळलं?"

मी त्याच्या पांघरुणाची घडी सरळ करायला लागले.

"आवनीच्या आदी?"

"व्हय," मी म्हणाले.

तो मनाशी काहीतरी मोजत होता. जून, जुलै, ऑगस्ट. त्याचे ओठ हलताना मला दिसले. मग तो वहिनीला म्हणाला, "तिला च्या टाक. लांबनं आलीया."

त्यानंतर तो एकोणीस दिवस होता. मी रजा काढून तिथंच राहिले. तो माझ्याशी नीट बोलायचा. भाताची पोती किती भरली, कार्ल्याला पाणी येतं का, माझ्या मुलीची परीक्षा कधी, सगळं विचारायचा. शेवटच्या आठवड्यात एके सकाळी त्याच्या दोन्ही पायांना सूज आली. त्यानं पांघरूण बाजूला करून बघितलं आणि वहिनीला विचारलं, "ही गं कशानं?"

वहिनी सवयीनं माझ्याकडं वळली. "वन्सं, कशानं वो?"

"तिला नगं इचारू," दादा म्हणाला. "डाक्टर आला की इचारू."

मी त्याच्या पायाशीच बसले होते. सूज कशानं आली ते मला माहीत होतं.